फिर्यादीपासून निकालापर्यंत : फौजदारी कागदांचा माग कसा काढावा

गावात अत्याचार घडतो. निषेधाचे ठराव होतात, मोर्चा निघतो, पुढारी येऊन जातात. सहा महिन्यांनी त्याच तालुक्यातील कार्यकर्त्याला विचारावे की, गुन्ह्याचा नंबर काय, तपास कोणाकडे आहे, दोषारोपपत्र दाखल झाले काय, पुढची तारीख कोणती? बहुधा उत्तर मिळत नाही. आरोपीकडील मंडळींना मात्र यातील एकेक गोष्ट तोंडपाठ असते. त्यांचा वकील तालुक्याला असतो, त्यांचा पाहुणा कचेरीत असतो. जामीन केव्हा मागायचा, साक्षीदाराला केव्हा गाठायचे, तडजोडीची बोलणी केव्हा लावायची हे त्यांना कागदावरून कळते. आपल्याकडे संताप असतो आणि वर्तमानपत्राचे एक कात्रण असते.

ही उणीव आजची नाही. गावगाड्यात महाराने सरकारी भरणा आणि टपाल तालुक्याला पोहोचवावे, परंतु त्यातील अक्षराशी त्याचा संबंध नसावा, अशी व्यवस्था होती. कागद कुलकर्ण्याचा, पायपीट महाराची. बाबासाहेबांनी ही व्यवस्था उलटवली ती केवळ भाषणांनी नव्हे. चवदार तळ्याचा दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयात दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. जवळजवळ दहा वर्षे तो संघर्ष कैफियती, साक्षी आणि पुरावे यांच्या कागदांवर चालला होता. सत्याग्रहाची आठवण आपण दरवर्षी काढतो. या दाव्याच्या चिकाटीची आठवणही तितकीच ठेवली पाहिजे.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. अटक, गुन्हा आणि खटला यांच्या नोंदी आपल्याच तालुक्यात व जिल्ह्यात कोठे असतात, त्यांपैकी कोणती कोणाला मिळते आणि ती कशी मागावी, हे महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांसाठी सांगावे, इतकाच तो आहे.

उघडे काय आणि बंद काय

सगळे कागद सर्वांसाठी खुले नसतात. हा भेद ठाऊक नसला की कार्यकर्ता जे मिळू शकत नाही त्यासाठी भांडतो आणि जे हक्काने मिळते ते मागायचे विसरतो. फौजदारी कागदांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग सर्वांसाठी खुला : संकेतस्थळावर प्रसिद्ध होणारे प्रथम खबरी अहवाल, अटक झालेल्यांची यादी, न्यायालयाचा रोजचा बोर्ड, खटल्याची सद्यःस्थिती, आदेश आणि निकाल. दुसरा वर्ग संबंधितांसाठी : दोषारोपपत्र, साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, वैद्यकीय दाखले. हे आरोपीला व पीडिताला मिळतात, वाटसरूला नाहीत. दोषारोपपत्रे सरसकट संकेतस्थळावर टाकावीत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी सौरव दास यांच्या याचिकेत फेटाळली; दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, असे त्या निकालाने ठरले. तिसरा वर्ग बंद : तपासी अंमलदाराची केस डायरी, आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची किंवा बालकाची ओळख पटेल असा कोणताही मजकूर.

आणखी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता व फौजदारी प्रक्रिया संहिता यांची जागा भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांनी घेतली आहे. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांच्या कागदांवर जुनी कलमे राहतील, नंतरच्या गुन्ह्यांवर नवी. काही वर्षे तरी कार्यकर्त्याला दोन्ही भाषा वाचता आल्या पाहिजेत.

पोलीस ठाणे

सारा शोध एका नंबरापासून सुरू होतो. तो म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, कागदोपत्री ‘गु.र.नं.’. पोलीस ठाण्याचे नाव, हा नंबर आणि साल या तीन गोष्टी हाती असल्या की पुढचे बहुतेक दरवाजे उघडतात. मात्र ‘एन.सी.’ म्हणून अदखलपात्र नोंद करून फिर्यादीला एक चिठ्ठी दिली असेल, तर तो गु.र.नं. नव्हे. पुष्कळ कुटुंबे ती चिठ्ठी जपून ठेवतात आणि गुन्हा दाखल झाला अशा समजुतीत राहतात. कागदावर ‘अदखलपात्र’ हा शब्द आहे काय, ते प्रथम पाहावे.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट केले. नव्या संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कोणत्याही हद्दीतील असो, खबर घ्यावी लागते, आणि तिची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य द्यावी लागते. याच कलमात तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा पोलिसांना दिली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या गुन्ह्यात ती सबब चालत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८-अ सांगते की, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. तोंडी खबर लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे आणि प्रत तात्काळ देणे ही या कायद्यात पोलिसांची कर्तव्ये आहेत. ती हेतुपुरस्सर टाळणारा, स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला, लोकसेवक कलम ४ खाली शिक्षेस पात्र ठरतो. ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवावा, पोचपावती जपावी, आणि तेथेही काही झाले नाही तर न्यायालयात जावे. तेव्हा तीच पोचपावती पुरावा ठरते.

फिर्यादी नसलेल्या माणसानेही प्रत पाहायची तर मार्ग आहे. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की, प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावा. अडचणीच्या भागात ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिकांसाठीच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख भरून हे अहवाल पाहता येतात. एखादा अहवाल तेथे दिसत नाही म्हणून गुन्हाच नोंदला नाही असे मानू नये. तो संवेदनशील म्हणून रोखलेला असू शकतो.

प्रत हाती आली की ती नुसती फाइलला लावू नये, वाचावी. घटनेचा दिवस व वेळ बरोबर आहे काय? उशीर झाला असल्यास त्याचे कारण लिहिले आहे काय? फिर्यादीची व आरोपीची जात नमूद आहे काय? जातिवाचक शिवी दिली असेल तर ती कोठे दिली आणि तेव्हा तेथे कोण होते? कायद्यात ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ अशी अट आहे, म्हणून जागेच्या उल्लेखाला इतके महत्त्व. एखादी गोष्ट सुटली असेल तर पुरवणी जबाब तात्काळ द्यावा.

याचे मोल किती, ते खैरलांजीने दाखवले. २९ सप्टेंबर २००६ च्या त्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ आरोपींना दोषी ठरवले, परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असा निष्कर्ष काढला. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो बदलला नाही. सारा देश ज्याला जातीय हत्याकांड म्हणत होता, त्यात जात कागदावर सिद्ध झाली नाही. त्या वेळी गंभीर गुन्ह्यांसाठी ‘जातीच्या कारणावरून’ कृत्य झाले हे सिद्ध करावे लागे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे माहीत असताना’ इतके पुरेसे केले. तरीही ते माहीत होते हे कोठून तरी दिसावे लागतेच, आणि पहिला कागद तेच सांगत असला तर पुढचे काम हलके होते.

अटकेची नोंद

अटकेच्या नोंदी दोन कारणांसाठी लागतात. अत्याचाराच्या गुन्ह्यात आरोपी खरोखर अटक झाला काय हे पाहण्यासाठी; आणि आपल्याच वस्तीतील माणूस पोलिसांनी उचलून नेला तर तो कोठे आहे हे शोधण्यासाठी.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेले नियम आता संहितेतच आले आहेत. अटकेचे ज्ञापन तयार झाले पाहिजे, त्यावर कुटुंबातील किंवा वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. नातेवाइकाला कळवले पाहिजे आणि कोणाला कळवले त्याची नोंद ठाण्यातील वहीत हवी. कलम ३७ प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी या कामासाठी नेमलेला असावा. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप त्याने ठेवायचे असून ही माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहे. म्हणून ठाण्यात गेल्यावर ‘आमचा माणूस आहे काय’ एवढेच विचारू नये. यादी कोठे लावली आहे, नेमलेला अधिकारी कोण, ठाणे दैनंदिनीत नोंद किती वाजता झाली, असे विचारावे आणि मिळालेले उत्तर वेळेसह लिहून घ्यावे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ चे वचन आहे. ते चोवीस तास कोणत्या मिनिटापासून मोजायचे, हाच पुढे वाद होतो.

पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून त्यांचे चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष, जपावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे. मारहाण झाली असेल तर चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच करावा.

आरोपीच्या अटकेची तारीखही अशीच टिपून ठेवावी. साठ किंवा नव्वद दिवसांत, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे, दोषारोपपत्र आले नाही तर कोठडीतील आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. हे दिवस पहिल्या कोठडीच्या आदेशापासून मोजतात. मुदत संपत आली आणि कागद हालला नाही, हे वेळीच दिसले तर अधीक्षकांकडे जाता येते. जामीन झाल्यावर मोर्चा काढून ते परत येत नाही.

तपास आणि समरी

अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याकडे असतो आणि दोषारोपपत्रासाठी साठ दिवसांची मुदत आहे. सर्वसाधारण गुन्ह्यांतही तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवली पाहिजे, असे नव्या संहितेचे कलम १९३ सांगते.

खटला मरतो तो पुष्कळदा येथेच, आणि आवाज न होता मरतो. महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करताना न्यायालयात ‘समरी’ मागतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली, खोटी. ‘क’ समरी म्हणजे खरीही नाही नि खोटीही नाही. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. दलित फिर्यादीच्या माथी ‘ब’ समरीचा शिक्का बसला की त्याच्यावरच कारवाईची टांगती तलवार राहते, आणि तो आकडा ‘कायद्याचा गैरवापर’ म्हणून भाषणांत फिरतो. परंतु फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंडाधिकाऱ्याने असा अहवाल स्वीकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंग खटल्यात १९८५ सालीच ठरवले आहे. म्हणून समरीचा अहवाल कोणत्या न्यायालयात केव्हा गेला याची चौकशी करावी, त्याची नक्कल घ्यावी आणि विरोधाचा अर्ज द्यावा.

उलट फिर्यादीचा शोधही याच टप्प्यावर घ्यावा. अत्याचाराची फिर्याद पडली की काही तासांत आपल्याच माणसांवर चोरीचा, दरोड्याचा किंवा विनयभंगाचा गुन्हा पडतो. त्या गुन्ह्याचा गु.र.नं. आणि नोंदीची वेळ तपासून पाहावी. दोन अहवालांवरील वेळा शेजारी ठेवल्या की कोणता कोणाच्या उत्तरादाखल जन्मला, ते न्यायालयालाही दिसते.

न्यायालय

अत्याचाराचा खटला तालुक्याच्या दंडाधिकाऱ्याकडे शोधत बसू नये. तो विशेष न्यायालयात, म्हणजे जिल्ह्याच्या किंवा अतिरिक्त सत्र न्यायालयाच्या ठिकाणी चालतो, आणि त्याला ‘विशेष खटला’ असा नंबर पडतो. गु.र.नं. आणि खटल्याचा नंबर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची सांगड घालणे हे शोधाचे मुख्य काम. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर जिल्हा व न्यायालय निवडून पोलीस ठाणे, गुन्हा नंबर आणि साल भरले की खटला सापडतो. पक्षकाराच्या नावानेही सापडतो, पण नावाच्या अक्षरांत फरक पडला तर चुकतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. तो एकदा मिळाला की पुन्हा शोधावे लागत नाही. संगणक न येणाऱ्याने न्यायालयातील ई-सेवा केंद्रात, जेथे ते आहे तेथे, विचारावे. तेही नसेल तर फौजदारी शाखेत जावे.

खटल्यात प्रत्येक तारखेला काय झाले ते ‘रोजनाम्या’त लिहिलेले असते : कोण हजर, कोण गैरहजर, कोणी मुदत मागितली, साक्षीदाराला समन्स पोहोचले की नाही. खटला का रेंगाळला याचे उत्तर रोजनाम्यात असते. आदेशाच्या, साक्षींच्या किंवा निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज करून ठरलेली फी भरावी लागते. खटल्याशी ज्याचा संबंध आहे त्याला ती सहज मिळते. संबंध नसलेल्या संशोधकाला वा कार्यकर्त्याला कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. म्हणून शक्य तेथे अर्ज पीडित कुटुंबाच्याच सहीने करावा. संपलेल्या खटल्याची फाइल अभिलेख कक्षात जाते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर त्यातील काही कागद नष्ट केले जातात. जुन्या अत्याचारांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी या कामाला उशीर करू नये.

अत्याचार कायद्याचे कलम १५-अ हे २०१६ पासूनचे मोठे शस्त्र आहे. जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि जामीन, दोषमुक्ती, शिक्षा अशा टप्प्यांवर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हे कलम बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हरीराम भांभी खटल्यात २९ ऑक्टोबर २०२१ रोजी सांगितले. फिर्यादीची व दोषारोपपत्राची प्रत मोफत देण्याची तजवीजही याच कलमाखालील योजनेत आहे. इतर गुन्ह्यांत, पीडिताने वकील दिला असेल तर, आरोपीबरोबर त्यालाही हे कागद विनामूल्य मिळतात. आणि वकिलासाठी पैसे नाहीत ही सबब नको : अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयातच असते.

मुख्य म्हणजे न्यायालय उघडे असते. बंद दाराआड चालणारी प्रकरणे वगळता कोणीही जाऊन बसू शकतो. खर्डा येथील २०१४ च्या हत्येच्या खटल्यात २०१७ साली आरोपी सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदार गावात एकटा असतो आणि न्यायालयातही एकटाच असतो. साक्षीच्या दिवशी मागच्या बाकावर आपली चार माणसे वही घेऊन बसली, तर ते त्याला दिसते. निकाल विरुद्ध गेला तर विशेष न्यायालयाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच करावा.

माहितीचा अधिकार

माहिती अधिकार कायद्याखाली पोलीस ठाण्याकडून आकडे, नोंदवह्यांचे उतारे, पत्रव्यवहार मागता येतो. फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. उत्तराची मुदत तीस दिवस, जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. ‘तपास चालू आहे’ या एका वाक्यावर अर्ज फेटाळतात. परंतु माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ साली भगत सिंग खटल्यात म्हटले आहे. अपिलात हे लिहावे. न्यायालयातील कागदांसाठी मात्र हा मार्ग नाही. ते नक्कल विभागाकडूनच घ्यायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवले.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हावयाची असते. तिची इतिवृत्ते मागवावीत. पीडितांना मिळणारे अर्थसाहाय्य फिर्याद, दोषारोपपत्र व निकाल अशा टप्प्यांनी मिळते. कोणता टप्पा कोठे अडला ते त्या इतिवृत्तांशी आपले कागद ताडून पाहिल्यावर दिसते.

नोंदीची दुसरी धार

नोंद ही नेहमीच आपल्या बाजूची नसते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा कितीतरी जमातींना जन्मतःच पोलिसांच्या वहीत घातले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण वहीची सवय गेली नाही. मागास जातींतील निरपराध माणसांची नावे केवळ त्यांच्या जन्मामुळे ‘हिस्ट्रीशीट’मध्ये यांत्रिकपणे घातली जातात, अशी दखल सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात घेतली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेत तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. तेव्हा अटकेच्या यादीत नाव दिसले की तो गुन्हेगार, हा प्रस्थापितांचा न्याय आपण वापरू नये. अटक हा आरोप आहे, दोष नव्हे. हे पारध्याच्या पोराला लागू आहे आणि आपल्या विरोधकालाही लागू आहे. सुटलेल्या माणसाची जुनी अटक दाखवून त्याची नोकरी वा घर घालवणे, पीडितेचे नाव पत्रकात छापणे, हे कायद्याने आणि नीतीनेही गैर आहे.

यापुढे काय करावे? प्रत्येक तालुक्यात एक वही असावी. एका गुन्ह्याला दोन पाने : घटनेची तारीख, गु.र.नं., कलमे, तपासी अंमलदार, अटकेची तारीख, दोषारोपपत्र किंवा समरी, खटल्याचा नंबर, सीएनआर, सरकारी वकील, प्रत्येक तारखेला काय झाले, अर्थसाहाय्याचा कोणता हप्ता मिळाला. शिक्षकांनी ती सांभाळावी, विद्यार्थ्यांनी दर महिन्याला ती ई-कोर्टाशी ताडून पाहावी, कार्यकर्त्यांनी कागद आणावेत. देशाचे आकडे दरवर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग छापतो. त्यांत आपल्या गावचा खटला शोधून सापडत नाही. तो या वहीत सापडेल. कार्यकर्ता बदलला, पक्ष फुटला, पुढारी दुसरीकडे गेला, तरी त्या कुटुंबाला पुढची तारीख सांगणारे कोणीतरी तालुक्यात उरेल.